खाऱ्या वाऱ्यातली फोर-बाय-फोर: जुनी जीप, जिप्सी आणि नव्या थारची कोकणातली देखभाल

कोकणात जुनी जीप किंवा जिप्सी बघायला गेलेला माणूस आधी बोनट उघडतो. त्याने आधी गाडीखाली झोपावं. इंजिन थकलेलं असलं तर कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन बोअर करून आणता येतं, गिअरबॉक्स खोलून नवी बेअरिंगं टाकता येतात, हूड आणि सीटा तर कुठेही शिवून मिळतात. पण चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, गंजाने आतून खाल्ली गेली असेल, तर त्या गाडीवर घातलेला पैसा पाण्यात गेला असं समजा.

कारण साधं आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून पत्रा वरून कोरडा दिसला तरी पुरता कोरडा कधीच नसतो. जांभ्याची तांबडी माती सांध्यासांध्यात जाऊन बसते आणि ती ओल धरून ठेवते. त्यावर चार महिने पाऊस. कंपनीच्या पुस्तकातलं सर्व्हिसचं वेळापत्रक किलोमीटरवर चालतं, इथलं मात्र ऋतूंवर चालवावं लागतं. एक मोठं काम मे महिन्यात, मृगाच्या आधी. दुसरं दसरा-दिवाळीच्या सुमारास, रस्ते आणि माती वाळल्यावर. ही दोन कामं नीट झाली तर मधली डोकेदुखी निम्म्याने कमी होते.

मी इथे धरलेल्या गाड्या अशा: महिंद्रने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली, तिच्या वंशातल्या सीजे, एमएम ५४०, मेजर वगैरे, १९८५ साली आलेली मारुती जिप्सी आणि १९९६ नंतरची तिची १.३ लिटरची जिप्सी किंग, २०१०ची थार, आणि नव्यांमध्ये २०२०ची थार, फोर्सची गुरखा, २०२३ची पाच दारांची जिमनी. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: बॉडी वर आणि चासी खाली वेगळी. त्यामुळे गंजाचं काम सगळ्यांना सारखंच लागू आहे. फरक पडतो तो इंजिन, वायरिंग आणि सस्पेन्शनपाशी.

पहिली पायरी: खालून धुणं

वरून चकाचक पुसलेली गाडी बघून मन भरतं, पण धुवायची असते ती खालची बाजू. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ किंवा वेसवी-बागमांडला अशा फेरीबोटीतून गाडी आणली, तर चढता-उतरताना रॅम्पवरचं खारं पाणी चाकांच्या आतल्या बाजूला उडालेलंच असतं. गाडी त्याच दिवशी धुवा, उद्यावर टाकू नका.

पाणी कुठलं वापरता तेही बघा. किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ धुऊन पुन्हा मीठ लावणं. जिभेवर थेंब ठेवला की कळतं. नळाचं पाणी घ्या, नाहीतर पावसाळ्यात पागोळीखाली पिंप लावून भरून ठेवा.

धुताना प्रेशर कमी आणि पाणी भरपूर असावं. जोराचा झोत मातीसोबत पाणीही बेअरिंगच्या सीलमधून आत ढकलतो. चासीच्या पेटीसारख्या बंद भागांना टोकाला आणि बाजूला भोकं असतात; त्यांत नळी घालून खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडत राहा. तळाची निचऱ्याची भोकं मातीने बुजलेली असतात, ती जाड तारेने मोकळी करा. पाट्यांचे (सस्पेन्शनच्या पट्टी-स्प्रिंगांचे) हँगर, डिझेल टाकीच्या वरचा पत्रा, मडगार्डच्या आतली कड, बंपरमागची पोकळी, यांच्यात हात घालून माती बाहेर काढा. नव्या थार-जिमनीला खाली संरक्षक पत्रे असतात. त्यांच्यावर साचलेली माती बाहेरून दिसत नाही, त्यामुळे पावसाळ्यानंतर एकदा ते पत्रे उतरवाच.

धुतल्यावर गाडी थोडी फिरवून आणा, ब्रेक सुकू द्या. मग वारा लागेल अशा जागी उभी करा. अंगाला चिकटलेली ताडपत्री गाडी कोंडून मारते. वर पत्रे आणि चारी बाजू मोकळ्या, असा मांडव तिच्यापेक्षा शंभर पटीने बरा.

पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, गाडी घालण्याबद्दल एकदाच सांगतो: घालू नका. भरतीचं पाणी ओल्या वाळूत रुतलेल्या गाडीची वाट बघत नाही, पोलीस गुन्हा दाखल करतात, आणि वेळाससारख्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात.

दुसरी पायरी: गंज शोधणं आणि काढणं

लहान हातोडी आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली झोपा. चासीवर पुढून मागे हलकेच ठोकत जा. निरोगी लोखंड खणखणीत वाजतं, खाल्लेलं बोदं वाजतं. जिथे आवाज बदलला तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचा. जुन्या जीपमध्ये मागचा क्रॉसमेंबर, पाट्यांचे हँगर, बॉडी टेकते ते माउंट, आणि मॅटखालचा फ्लोअर या जागा हमखास खराब असतात. जिप्सीत पुढच्या चाकाच्या मागची बाजू आणि मागच्या चाकांवरचा चासीचा वळलेला भाग बघा. विंडशील्डच्या चौकटीची खालची पट्टी आणि बॅटरीखालचं तबक दोन्हींत बघायचं.

वरवरचा गंज असेल तर क्रम असा ठेवा. आधी तारेच्या ब्रशने पापुद्रे काढा. मग स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा, कारण मीठ आत राहिलं तर वरचा रंग फुगून निघणारच. मग गंज-रूपांतरक लावा; त्याने उरलेला गंज काळपट, स्थिर थरात बदलतो. तो वाळला की इपॉक्सी किंवा जस्तयुक्त प्रायमर, त्यावर रंग. बंद पेटीच्या आत ब्रश पोचत नाही. तिथे लांब नळीच्या स्प्रेने पातळ मेण सोडतात. हे काम मे महिन्याच्या कडक उन्हातच करा, जूनच्या दमट हवेत केलेला प्रायमर पत्र्याला धरत नाही.

भोक पडलं असेल तर लांबी (पुट्टी) भरून रंग मारणाऱ्या मेस्त्रीला हात जोडा आणि निघा. सडलेला भाग निरोगी लोखंड लागेपर्यंत कापून काढायचा आणि तेवढ्याच जाडीचा तुकडा जोडायचा, हीच दुरुस्ती. सडक्या पत्र्यावर दुसरा पत्रा चढवला तर दोघांच्या मध्ये पाणी साठतं. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा, नव्या गाडीत इंजिनच्या कंप्युटरचं कनेक्टरही काढायला सांगा, आणि इंधनाची टाकी जवळ असेल तर ती उतरवल्याशिवाय ठिणगी पडू देऊ नका.

चासी नंबरच्या जागेवर ग्राइंडर फिरवू नका. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं, आणि तिथे आरटीओचा अधिकारी आधी तो नंबर वाचतो. ती जागा मऊ ब्रशने साफ करून ग्रीसचा पातळ हात द्या.

आपल्याकडे एक जुनी पद्धत आहे, पावसाआधी काळं तेल आणि डिझेल मिसळून खालून फवारायचं. गंज त्याने रोखला जातो हे खरं. पण रबरी बुश, ब्रेकचे होज यांचं नुकसान होतं आणि ते तेल ओघळून शेवटी परसातल्या विहिरीत जातं. डांबरी काळा कोटही मला नको वाटतो. गंजावर मारला तर आतलं काम झाकलं जातं आणि दोन वर्षांनी पापुद्र्यासकट पत्रा हातात येतो. मेणाचा किंवा लॅनोलिनचा लेप दरवर्षी मारा. थोडा खर्च होतो, पण खालचं लोखंड डोळ्यांना दिसत राहतं.

तिसरी पायरी: पुढचा ॲक्सल आणि थरथर

जुन्या गाडीचं स्टिअरिंग ठरावीक वेगाला जोरात थरथरू लागलं की बहुतेक जण थेट स्टिअरिंग बॉक्स बदलतात. तो शेवटी बघायचा. आधी टायरमधली हवा आणि बॅलन्सिंग. मग चाक जॅकवर उचलून घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा, वरून-खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग सैल आहे. तसाच राहिला तर चाक ज्यावर वळतं ते किंगपिन किंवा बॉल-जॉइंट सैल आहे. मग टाय-रॉडची टोकं, शॅकलचे (पाट्यांच्या टोकाच्या झुलत्या कड्यांचे) बुश आणि पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट. पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल बोटभर मागे सरकलेल्या जीप मी बघितल्या आहेत. दोन्ही बाजूंचं चाकांमधलं अंतर टेपने मोजलं की हे लगेच कळतं.

जुन्या जीप आणि जिप्सीत पुढच्या ॲक्सलच्या टोकाला गोल गोळा असतो, त्याला पुसणारं सील असतं. ते सील फाटलं की चिखल आत जातो. ग्रीस पातळ होऊन चाकाच्या आतल्या बाजूला ओघळत असेल, तर आतल्या सीलमधून हाउसिंगचं (ॲक्सलमधल्या गिअरपेटीचं) तेल गोळ्यात येतंय.

ग्रीसच्या बाबतीत इथे कंजुषी नको. निप्पल पुसून, जुनं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत मारा. शॅकल, टाय-रॉड, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि स्लाइडिंग जॉइंट. पावसाळ्यात दर महिन्याला, आणि गाडी व्हाळातून गेली असेल तर त्याच आठवड्यात. पाण्याने न धुपणारं ग्रीस मागून घ्या.

फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी जोडणी) महिन्यातून एकदा तरी गुंतवा, नाहीतर गुंतवायची गरज लागेल तेव्हा पुढच्या चाकांचे हब आणि ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचे लीव्हर जाम असतील. मात्र कोरड्या डांबरावर नको. या गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये वेगातला फरक सोसणारं सेंटर डिफरन्शियल नसतं, वळणावर दोन्हीकडची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण गिअरांवर येतो. बागेतली किंवा पाणंदीतली मातीची वाट याला उत्तम.

चौथी पायरी: हाउसिंगचं तेल

घाटातून उतरलेली गाडी थेट ओढ्यात घातली की हाउसिंग तापलेलं असतं आणि पाणी गार. आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढते. त्यासाठीच वर ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचं तोंड) असतो, आणि इथे तो बहुतेक वेळा तांबड्या मातीने बुजलेला सापडतो. तो साफ करा. त्याला तेल सोसणारा रबरी पाइप जोडून तोंड बोनटखाली, मागच्या ॲक्सलचं तोंड मागच्या दिव्याच्या उंचीला नेऊन ठेवा. ॲक्सल वर-खाली होतो, तेवढी ढील पाइपला ठेवा.

आत पाणी शिरलंय का हे बघायला रात्रभर उभी गाडी लागते, म्हणजे पाणी तळाला बसतं. सकाळी आधी वरचा, भरायचा प्लग सैल होतो का ते बघा. तो निघतच नसेल तर खालचा उघडू नका, तेल सांडेल आणि नवं भरता येणार नाही. मग खालचा प्लग बोटाने दाबत हळूहळू फिरवा. शेवटच्या आट्याला दोन-चार थेंब स्वच्छ पाणी गळलं, किंवा तेल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर आत पाणी आहे. सगळं काढा, नवं भरा, आठवडाभर चालवून पुन्हा बघा. प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा चालतो. चकती किंवा दाताचा तुकडा निघाला तर क्राउन-पिनियन (हाउसिंगमधले मुख्य गिअर) उघडावंच लागेल.

हाउसिंगला जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. गिअरबॉक्सला पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-५ टाकू नका, काही जीएल-५ तेलं गिअर बदलताना गती जुळवणाऱ्या सिंक्रोच्या पितळी रिंगांना त्रास देतात.

पाचवी पायरी: ब्रेक

ड्रम ब्रेकमध्ये शिरलेली वाळू लायनर आणि ड्रम दोन्ही खाते, शिवाय लायनर पाण्यात भिजला की पहिल्या दोन-तीन दाबांना ब्रेक लागतच नाही. पाण्यातून निघाल्यावर हलका ब्रेक दाबत थोडं अंतर चाला. मे आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळी असतील तेवढे सगळे ड्रम उघडा. व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघा. आत ओल असेल तर किट बदला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर पावसाळ्यानंतर बदला. कंपनीने सांगितलेलं डॉट ३ किंवा डॉट ४ घ्या.

जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टच्या ड्रमवर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे तो गाडी धरत नाही. त्यामुळे जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावल्याशिवाय जॅक मारू नका. आणि जॅकखाली किंवा घोडीऐवजी जांभ्याचा चिरा वापरू नका. चिरा भाराखाली सांगून फुटत नाही.

डिझेल, पेट्रोल आणि हवा

जुन्या डिझेल गाडीत पावसाळाभर टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेतली ओल थंड पत्र्यावर पाणी होऊन उतरते. फिल्टरखालचं पाणी काढायचं बटण दर पंधरा दिवसांनी सैल करा. हवा शिरली तर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबले की स्क्रू घट्ट करा. मग पंपाचा स्क्रू. तरीही सुरू झाली नाही तर इंजेक्टरच्या नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा.

ही शेवटची युक्ती २०१०नंतरच्या सीआरडीई (उच्च दाबाच्या कॉमन-रेल डिझेल) इंजिनावर कधीही करू नका. तिथल्या नळ्यांत हजार बारच्या वर दाब असतो, बारीक फवारासुद्धा कातडी फोडून आत जातो.

जिप्सीवाल्यांनी पेट्रोलच्या रबरी नळ्या बघाव्यात. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. जुन्या रबराला ते मानवत नाही आणि इथेनॉल ओल शोषतं. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घ्या, आणि उभ्या गाडीत महिनोन्महिने तेच पेट्रोल ठेवू नका.

वायरिंग

कोकणातल्या दहा विजेच्या तक्रारींतल्या बहुतेक अर्थिंगच्या असतात. बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिनचा स्वच्छ धातू यांना मल्टिमीटर लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थ पट्टा काढा, दोन्ही टोकांखालचा पत्रा चकचकीत घासा, बसवा, वरून व्हॅसलिन लावा. दिव्यांच्या सॉकेटमध्ये हिरवट पावडर दिसली की सॉकेटच बदला. वायरी जोडताना पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड इथे एक पावसाळाही काढत नाही; डाग (सोल्डर) द्या आणि उष्णतेने आवळणारी नळी चढवा.

उंदीर हा स्वतंत्र विषय आहे. भात कापणीनंतर ते उबेला बोनटखाली येतात. रात्री बोनट उघडं ठेवलं की अंधाराचा आडोसा जातो आणि उपद्रव कमी होतो.

नव्या गाड्यांचं वेगळं काय

२०२०च्या थारला कंपनी ६५० मिलिमीटर पाण्याची खोली सांगते. तो आकडा संथ पाण्यातून, हळू जाण्याचा आहे आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यासाठी तर नाहीच. या थारचा फ्लोअर धुता येतो, निचऱ्याचे प्लग आहेत. धुऊन झाल्यावर प्लग परत बसवा आणि सीटखालची कनेक्टरं फडक्याने सुकवा. इंजिन बेमध्ये प्रेशर वॉशर नको. चाकांवरच्या एबीएस सेन्सरच्या जागेत गंज फुगला की डॅशबोर्डवर एकदम तीन दिवे लागतात. सेन्सर बदलण्याआधी ती जागा साफ करून बघा. गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड दाखवणारा एक साधा ओबीडी रीडर जवळ ठेवा, कोड वाचून मग मेस्त्रीकडे जा.

डिझेलला धुराचा फिल्टर आहे. गाडी रोज बाजारापर्यंतच जात असेल तर तो काजळीने भरतो. दिवा लागला की पुस्तकात दिल्याप्रमाणे न थांबता सलग चालवा, दुर्लक्ष केलं तर खर्च मोठा येतो. वायर कापून दिवे-विंच बसवू नका, वॉरंटीवरून वाद होतात. वायर न कापता लावायचा तयार जोड मिळतो.

पुरात बुडालेल्या गाडीचा नियम जुन्या-नव्या दोन्हींना एकच. चिपळूणला जुलै २०२१च्या पुरात पाणी गाड्यांच्या छतापर्यंत गेलं होतं. अशा गाडीचा सेल्फ मारून बघायचा मोह आवरा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी काढा, इंजेक्टर, ग्लो-प्लग किंवा स्पार्क प्लग काढून इंजिन पान्याने हाताने फिरवा, पाणी बाहेर पडू द्या, सगळी तेलं बदला, मग पुढचं.

गावी उभी राहणारी गाडी

चाकरमान्यांच्या किती तरी जीपा शिमग्यानंतर उभ्या राहतात त्या गणपतीलाच हलतात. तशी ठेवायची असेल तर खालून धुऊन, सुकवून, मेण मारून ठेवा. डिझेल टाकी भरा, बॅटरीचं निगेटिव्ह काढा. हँडब्रेक सोडून चाकांना दगड लावा. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटू नये म्हणून पेडल लाकडी दांडक्याने दाबून ठेवा. मॅट काढून घ्या, फ्लोअर उघडा राहू दे. हवेच्या तोंडाला आणि सायलेन्सरला बारीक जाळी बांधा आणि तशी चिठ्ठी स्टिअरिंगला लावा.

गावातल्या कोणाला सांगणार असाल तर "काका, महिन्यातून एकदा स्टार्ट करा" एवढंच सांगू नका. पाच मिनिटं जागच्या जागी घुरघुरलेल्या इंजिनात पाणी साचतं, तेल तापतच नाही. पंधरा-वीस किलोमीटर फिरवायला सांगा, त्यातला थोडा मातीवर फोर-बाय-फोरमध्ये.

आल्यावर आधी एअर फिल्टर उघडून उंदराचं घरटं बघा, जाळ्या आणि दांडकं काढा, तेल-पाणी-ब्रेक ऑइल तपासा. डिझेल बंद करायची केबल ओढून धरून थोडा वेळ सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझला की केबल सोडून सुरू करा. पहिले दोन-तीन किलोमीटर वाडीतल्या रस्त्यावरच चालवा, आणि ब्रेक चारही चाकांना सारखा धरतो अशी खात्री पटल्यावरच गाडी घाटाला लावा.